वजनकाटा, उंदीर आणि पी०३३५

मामाजींची गाडी जाम गावाच्या चौफुलीच्या अलीकडे तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मे महिना होता, दुपारचे दोन वाजले होते आणि मागच्या सीटवर लग्नाचा आहेर होता. (मामाजी म्हणजे माझे सासरे, आमच्या भागात सासऱ्यांना मामाजीच म्हणतात.) चालती गाडी एकाएकी विझल्यासारखी बंद व्हायची, सेल्फ मारला की इंजिन फिरायचे पण पेटायचे नाही, आणि अर्धा-पाऊण तास झाडाखाली उभी केली की काही झालेच नाही अशा थाटात सुरू व्हायची. त्याआधी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरते आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरचा, कोड (संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) निघाला होता आणि सेन्सरही नवीन बसवून झाला होता. "जवाईबापू, सेन्सर नवा टाकला, साडेचार हजार गेले, अन् गाडी पुन्हा तिथंच बसली," मामाजींनी फोनवर सांगितले. "आता तुमीच पाहा बरं एक डाव."

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर नोकरी करतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की होळीपर्यंत मला मान वर करायला फुरसत नसते. त्यानंतर मात्र दिवस मोकळे होतात, आणि त्या मोकळ्या दिवसांत गेली नऊ वर्षे मी घरच्या, नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांचे बॉनेट उघडून बसतो. पैसे घेत नाही, त्यामुळे घाईही करत नाही.

या छंदाची सुरुवात काट्यापासूनच झाली. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या फलाटाखाली लोडसेल, म्हणजे भाराचे व्होल्टमध्ये रूपांतर करणारे सेन्सर असतात. लोडसेलला दहा व्होल्ट दिले, तर पूर्ण भार पडल्यावर त्यातून जेमतेम वीस मिलिव्होल्ट बाहेर येतात, म्हणजे एका व्होल्टचा पन्नासावा भाग. आणि ट्रॉलीभर कापसाचे वजन एवढ्याशा फरकातून काढायचे असते. त्यांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली किंवा उंदराने केबल कुरतडली की रिकामा काटाही क्विंटल-दोन क्विंटल दाखवू लागतो, आणि रांगेतले शेतकरी माझ्याकडे चोराकडे पाहावे तसे पाहू लागतात, त्यात त्यांचे काही चुकत नाही. पहिल्या हंगामात असे झाले की मी काटा बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन करायचो. तो यायचा, लोडसेलला हातही न लावता जंक्शन बॉक्स उघडायचा, एकेक तार मीटरने तपासायचा, एखादा स्क्रू आवळायचा आणि चहा पिऊन जायचा. लोडसेलच खराब निघाल्याचे मी इतक्या वर्षांत दोनदा पाहिले. बाकी सगळे दोष तारेत, जोडात किंवा अर्थिंगमध्ये होते.

संगणकावर चालणाऱ्या गाडीकडे मी याच सवयीने पाहतो. इंजिनचा संगणक, ज्याला आमच्याकडचे मिस्त्री ईसीएम म्हणतात, तो एका बंद डब्यात बसलेला असतो. त्याला इंजिन दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, वास येत नाही. त्याच्यापर्यंत फक्त तारा पोहोचतात आणि त्या तारांवरचे व्होल्ट. बहुतेक सेन्सरना तो पाच व्होल्ट देतो आणि शून्य ते पाचच्या दरम्यान जे परत येईल, त्यावरून इंजिन किती तापले, हवा किती आत येते, पाय किती दाबला आहे याचा हिशेब करतो. तार तुटली काय आणि सेन्सर जळाला काय, त्याच्या दृष्टीने पुष्कळदा दोन्ही सारखेच असते.

त्याचे म्हणणे आपल्याला वाचता यावे म्हणून स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा एक कपलर दिलेला असतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ नावाची ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ या प्रदूषणाच्या नियमांतल्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला, त्यामुळे गावात सेकंडहँड फिरणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये आज हा कपलर सापडतो. त्यातली १६ क्रमांकाची पिन थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर असते, ४ आणि ५ या अर्थिंगच्या असतात, आणि ६ व १४ या पिनांवर कॅनच्या दोन तारा येतात, ज्यांच्यावरून गाडीतले निरनिराळे संगणक एकमेकांशी बोलतात. कपलरमध्ये लावायचे ईएलएम ३२७ नावाचे काडेपेटीएवढे यंत्र मी सातशे रुपयांना ऑनलाइन मागवले. मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची होती. आपल्या हातात येतात त्या बहुतेक तिच्या नकला असतात. माझे पहिले यंत्र तर जुन्या धाटणीच्या गाड्यांशी बोलायलाच तयार नव्हते, दुसरे मात्र बरे निघाले. ब्लूटूथने ते मोबाइलला जोडले आणि एखादे ॲप घेतले की इंजिनचे कोड आणि चालू आकडे पडद्यावर दिसू लागतात. एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि एअरबॅगचे कोड या स्वस्त यंत्राने सहसा निघत नाहीत. आणखी एक, काम झाल्यावर ते काढून ठेवावे. १६ नंबरच्या पिनेवर चोवीस तास करंट असतो, त्यामुळे आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी हे यंत्र उतरवू शकते.

कोड निघाला म्हणजे दोष सापडला, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यात सुट्या भागांच्या दुकानदारांचा फायदा आहे. या समजाचा फोलपणा मला शेजारच्या गुरुजींच्या गाडीवर पहिल्यांदा नीट कळला. त्यांच्या गाडीचा रेडिएटरचा पंखा चावी फिरवताच सुरू व्हायचा आणि बंद व्हायचे नावच घ्यायचा नाही. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची, पेट्रोलही जास्त प्यायची. यंत्र लावले तर पी०११८ हा कोड, म्हणजे इंजिनच्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्ट प्रमाणाबाहेर जास्त. चालू आकड्यांत पाण्याचे तापमान होते उणे ४० अंश. बाहेर कडुनिंबाच्या सावलीत ४४ अंश असताना गाडीचा संगणक इंजिन बर्फात रुतल्याचे सांगत होता. "म्हंजे आपली गाडी काय सियाचीनले होती का बे?" असे गुरुजींनी विचारले, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी मला अंगणातच शाळा भरवावी लागली.

तापमानाचा हा सेन्सर म्हणजे एक रोधक असतो. थंड असताना त्याचा रोध जास्त असतो, तापला की कमी होतो. वीस अंशांना दोन-तीन हजार ओहम, तर ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास. तार कुठे तुटली किंवा कपलर निघाला, तर संगणकाला अनंत रोध दिसतो, पाचच्या पाच व्होल्ट तसेच उभे राहतात आणि त्याच्या कोष्टकात त्याचा अर्थ सर्वात थंड, म्हणजे उणे ४०, असा लिहिलेला असतो. हा आकडा भरवशाचा नाही हे त्यालाही कळते, म्हणून इंजिन उकळू नये यासाठी तो पंखा कायम चालू ठेवतो. तपासणी अगदी सोपी आहे. सेन्सरचा कपलर काढायचा आणि कपलरच्या दोन्ही टोकांना तारेचा एक तुकडा क्षणभर जोडायचा. पडद्यावरचा आकडा उणे चाळीसवरून थेट सव्वाशे-दीडशेच्या घरात उडाला, तर संगणक आणि तारा दोन्ही ठीक आहेत आणि दोष सेन्सरचा आहे. तारेचा तुकडा लावण्याआधी हा सर्किट तापमानाच्या सेन्सरचाच आहे याची खात्री मात्र करून घ्यावी, नाहीतर पाच व्होल्टची तार भलतीकडेच अर्थ व्हायची. गुरुजींच्या गाडीत आकडा जागचा हलला नाही. कपलर उजेडात धरून पाहिला, तर आतली एक पिन दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेली होती. बारीक स्क्रूड्रायव्हरने पुढे ढकलली, खटका बसला आणि काम संपले. दुकानदाराने त्यांच्यासाठी सेन्सर आधीच बाजूला काढून ठेवला होता.

तेव्हापासून कोणतीही गाडी आली की मी ती रात्रभर अंगणात उभी ठेवायला सांगतो. पहाटे साडेपाचला, इंजिन सुरू न करता, चावी फक्त ऑन करून पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहायचे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे भिंतीवरच्या थर्मामीटरशी दोन-चार अंशांत जुळायला हवेत. एखादा वेगळाच बोलत असेल, तर कोड नसला तरी तो सेन्सर किंवा त्याची तार संशयित. या तपासणीला एक पैसाही लागत नाही, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर बॉनेटला हात लावण्याची सोय नसल्याने पहाटेची वेळ कामाला बरीही असते.

या छंदात मी स्वतः पैसे घालवलेले नाहीत, असे मुळीच नाही. माझ्याच गाडीला तीन वर्षांपूर्वी पी०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. हे ऑक्सिजन सेन्सर सांगतो एवढे वाचून मी नागपूरहून साडेतीन हजारांचा ऑक्सिजन सेन्सर आणला, बसवला, आणि दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला. बिचारा सेन्सर खरे बोलत होता आणि मी खरे बोलणाऱ्यालाच घराबाहेर काढले होते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणाजवळ मिश्रण राखण्यासाठी संगणक पेट्रोल सतत थोडे वाढवतो किंवा कमी करतो. किती टक्के वाढवले, किती कमी केले, हे आकडे फ्युएल ट्रिम या नावाने ॲपमध्ये दिसतात. उणे-अधिक दहाच्या आत असले तर चिंता नसते. माझ्या गाडीत उभ्यावर अधिक २४ टक्के होते, पण ॲक्सिलरेटर देऊन अडीच हजार आरपीएमवर धरले की ते अधिक ६ वर उतरायचे. याचा अर्थ हवा कुठूनतरी चोरवाटेने आत येते आहे. इंजिन मंद चालत असताना आत येणारी एकूण हवाच थोडी असते, म्हणून एवढ्याशा भोकाचाही हिस्सा मोठा ठरतो. वेग वाढला की तीच गळती प्रमाणात किरकोळ होते. उलट, भार आणि वेग वाढताच ट्रिम चढत गेला असता, तर मी पेट्रोलच्या पंपाकडे आणि फिल्टरकडे पाहिले असते. दोष निघाला तो उन्हाने कडक होऊन तडकलेल्या, बोटाएवढ्या रबरी नळीत. तिची किंमत साठ रुपये. साडेतीन हजारांचा सेन्सर आता गाडीतच आहे. परत कोण घेतो?

मामाजींच्या गाडीकडे येतो. गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी. यंत्र लावले तर पी०३३५ हजरच होता. या कोडचा अर्थ क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, एवढाच. त्यातला 'सर्किट' हा शब्द मोलाचा आहे आणि घाईत तोच वाचायचा राहतो. कोडसोबत संगणकाने त्या क्षणाचे आकडेही जपून ठेवले होते: पाण्याचे तापमान ९६ अंश, गाडीचा वेग ताशी ६२ किलोमीटर. हे आकडे कोड पुसला की जातात, म्हणून मी आधी कागदावर उतरवून घेतो. दिवा विझवण्यासाठी बॅटरीची तार काढून पुन्हा लावणारे लोक नेमका हाच पुरावा नष्ट करतात.

गाडी थंड असताना सगळे ठीक होते. बंद पडलेल्या अवस्थेतच ती पकडणे भाग होते, आणि त्यासाठी सकाळी अकरा वाजता उन्हात एसी लावून उभ्यानेच चालू ठेवली. पाऊण तासाने ती अपेक्षेप्रमाणे विझली. मेहुण्याला सेल्फ मारायला बसवले आणि मी मोबाइलवर आरपीएम पाहत राहिलो. सेल्फने इंजिन फिरत असताना तिथे दोनशे-अडीचशेचा आकडा दिसायला हवा. तिथे शून्य होते. म्हणजे इंजिन फिरते आहे, याची संगणकाला खबरच नव्हती, आणि खबर नसेल तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. येथवर वर्कशॉपचे निदान आणि माझे निदान एकच होते. पण सेन्सर नवीन होता, म्हणून मी तारांकडे वळलो.

या सेन्सरला तीन तारा होत्या: एक पाच व्होल्टची, एक सिग्नलची आणि एक अर्थिंगची. येथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण काट्यावर मी तिच्यापायी बराच वेळ वाया घालवलेला आहे. कपलर काढून, मीटर ओहमवर ठेवून तार तपासली, तर वीस धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असलेली तारसुद्धा 'ठीक' असे उत्तर देते. मीटरचा करंट इतका थोडा असतो की त्याला एक धागा पुरतो. तार तपासायची ती तिच्या नेहमीच्या कामावर असताना, म्हणजे कपलर लावलेला, चावी ऑन, आणि तारेच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात हे पाहायचे. कपलरच्या मागून, रबराच्या सीलच्या कडेने शिवणाची टाचणी आत सरकवली की ती पिनेला टेकते आणि तारेला भोक पाडावे लागत नाही. मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सळई टाचणीवर. सेन्सरच्या अर्थिंगवर एक दशांश व्होल्टहून कमी आकडा यायला हवा.

दुर्दैवाने तोवर गाडी थोडी निवली होती आणि मीटर ०.०२ दाखवत होते. मी मेहुण्याला मीटरवर नजर ठेवायला सांगितले आणि सेन्सरपासून वर जाणारी वायरिंग वीतवीत हाताने हलवत गेलो. पहिली वीत, काही नाही. दुसरी वीत, काही नाही. इंजिनच्या मागच्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपाजवळ, वायरिंग एका पत्र्याच्या क्लिपमधून वळते. तिथे बोट लागले मात्र, आणि मेहुणा ओरडला, "भाऊजी, चार पॉइंट सात!" बोट काढले, पुन्हा ०.०२. अर्थिंगची तार तुटली की तिच्यावर सेन्सरमधून आलेले व्होल्ट साचतात, म्हणून शून्याच्या जागी पाचच्या जवळचा आकडा आला. तिसऱ्यांदा मी उगीचच हलवून पाहिले. इतक्या दिवसांचा चोर हाताला लागला की त्याला लगेच सोडवत नाही.

वायरिंगवरची काळी, घड्याघड्यांची प्लास्टिकची नळी उकलली, तेव्हा आतून आधी कापूस निघाला. मामाजींच्या घरी दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत साठवतात आणि गाडी त्याच खोलीच्या भिंतीला लागून उभी असते. हिवाळ्यात इंजिनची ऊब, वर अंथरायला घरचाच कापूस आणि पलीकडे सोयाबीनची पोती, याहून अधिक उंदराला काय हवे? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. दोन तारांवर नुसते दातांचे व्रण होते. तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या तारेचे आवरण बोटभर गेलेले होते, तीन धागे उरले होते आणि तेही ओलीने हिरवे पडलेले होते. नळी तापून मऊ झाली की क्लिपपाशी तिला झोळ पडत असावा आणि ते तीन धागे एकमेकांपासून सुटत असावेत, असा माझा अंदाज आहे. थंड झाल्यावर पुन्हा टेकत असतील. नवीन सेन्सर बसवल्यावर गाडी तीन आठवडे चांगली का चालली, याचेही उत्तर तिथेच होते. सेन्सर बदलताना वायरिंग हलली, धागे बरे टेकले आणि सगळ्यांना वाटले की रोग गेला. वर्कशॉपच्या त्या कारागिराला मी फारसा दोष देत नाही. त्याच्या पुढ्यात दिवसाला आठ-दहा गाड्या असतात आणि थंड झालेल्या, ठीक चालणाऱ्या गाडीसमोर पाऊण तास बसून राहण्याची मुभा त्याला कोणी देत नाही. पण गिऱ्हाइकाच्या खिशातून साडेचार हजार काढण्यापूर्वी टाचणी आणि मीटर यांना पाच मिनिटे द्यायला हवी होती, एवढे मात्र मी म्हणेन.

दुरुस्तीत घाई केली तर हीच तार वर्षभराने पुन्हा दगा देते. हिरवा गंज आवरणाच्या आतून बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे चकचकीत तांबे दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी कापत जावे लागते. येथे जवळजवळ चार इंच तार काढावी लागली. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा जोडला, दोन्ही सांधे सोल्डर केले आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आक्रसणारी) नळी चढवून मेणबत्तीऐवजी सोल्डरिंगच्या दांड्याने, सावकाश, आवळली. साधा काळा टेप मी गाडीत वापरत नाही. आमच्या मे महिन्यात त्याचा गोंद पातळ होऊन वाहतो, टेप घसरतो आणि उघडा सांधा बॉडीला टेकतो. कापडी टेप मिळतो, तो टिकतो. शेवटी क्लिप मूळ जागीच लावली. वायरिंग सायलेन्सरपासून जेवढी दूर कारखान्याने ठेवली होती, तेवढी दूर. नंतर कोड पुसला आणि भर दुपारी जामपर्यंत जाऊन आलो.

जुन्या मिस्त्रींच्या काही रीती मात्र या गाड्यांवर चालवू नयेत, हे सांगावेसे वाटते, कारण त्या रीती मी स्वतः त्यांच्याकडूनच शिकलो होतो. डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, बॅटरी चार्ज करतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची, ही त्यातली सर्वात महागडी. बॅटरी निघताच अल्टरनेटरचे व्होल्ट क्षणभर कित्येक पट उसळतात आणि तेवढ्यात एखादा संगणक जातो. मीटर लावावा, इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की डायनामो ठीक. बल्बचा टेस्ट लॅम्प हेडलाइटच्या तारेवर लावायला हरकत नाही, पण सेन्सरच्या किंवा संगणकाच्या तारेवर लावू नये. बल्ब ओढतो तेवढा करंट त्या सर्किटला झेपेलच असे नाही. गाडीवर वेल्डिंग करायचे असेल, तर आधी बॅटरीच्या तारा काढाव्यात. आणि धुलाईवाल्याला बॉनेटखाली प्रेशरचे पाणी मारू देऊ नये. कपलरमध्ये शिरलेले पाणी पंधरा दिवसांनी कोडच्या रूपाने बाहेर येते.

काही ठिकाणी मी हातच घालत नाही. पिवळ्या कपलरच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांच्यावर ओहम मोजायला मीटर लावणेही धोक्याचे, कारण मीटरचा करंटसुद्धा तिथे नको असतो. कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या पाइपांत हजार बारहून अधिक दाब असतो, आणि तो पाइप चालू इंजिनावर सैल केला तर डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी केबलींपासूनही मी दूर राहतो. चुलतभावाने एकदा किलोमीटरचा आकडा मागे घेता येईल का असे विचारले होते. त्याला मी चहा पाजून परत पाठवले.

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका गाडीत एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिन, तिघांचेही दिवे एकाच वेळी लागायचे, आणि मालक तीन मोठ्या खर्चांच्या धास्तीने आला होता. एकदम तीन वस्तू बिघडत नाहीत, त्यांना जोडणारी एखादी वस्तू बिघडते. बॅटरी काढून स्टिअरिंगखालच्या कपलरच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजले. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक असतात, ते समांतर असल्याने मीटरवर ६० यायला हवेत. १२० आले. म्हणजे एक टोक सुटलेले होते. ते टोक डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, काळ्या चिखलाने भरलेल्या एका कपलरमध्ये सापडले. ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले आणि ६० आल्यावरच बॅटरी लावली.

मामाजींची गाडी आता कापसाच्या खोलीपासून हलवून विहिरीकडच्या शेडमध्ये उभी राहते. रात्री बॉनेट उघडे ठेवावे, अंधार मोडला की उंदीर येत नाहीत, असे आमच्याकडे सांगतात, आणि मामाजी ते पाळतात. मी वायरिंगच्या वळणांवर बारीक जाळी गुंडाळून दिली आहे. वर्कशॉपमधून काढलेला जुना सेन्सर त्यांनी मागून आणला होता. तो मी पुन्हा बसवून आठ दिवस चालवून पाहिला, आणि त्याने एकदाही तक्रार केली नाही. हे सांगितल्यावर मामाजी थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी तो जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात, आरसी बुकाच्या शेजारी ठेवला. "राहू द्या गाडीतच," ते म्हणाले. "साडेचार हजाराचा हाय तो."